नववा फर्मा

त्या रविवारी घरात कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. या घराण्यात असा रविवार विरळाच. तो नीट पार पडावा म्हणून वहिनी सकाळपासून नुसत्या राबत होत्या. धाकटा दीर आणि जाऊ जेवायला यायचे होते. निमित्त दादांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, पुस्तकाचं. चाळीस वर्षं दादांनी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानात पुस्तकांची, नाटकांची आणि चित्रांची सालटी काढली. ते पान बंद होऊन दोन वर्षं झाली, आणि आता कुठे एका प्रकाशकाला त्यातली साठ परीक्षणं निवडून छापावीशी वाटली. प्रुफं उद्या सकाळी परत द्यायची होती.

निवड छोटीने केली होती. छोटी म्हणजे दादांची एकुलती एक लेक, वय वर्षं बेचाळीस, शाळेत गणित शिकवते, पोरं तिला चळाचळा कापतात. पण एकदा छोटी म्हटलं की या घरात सुटका नाही. दादांना आता भिंगाशिवाय ओळ दिसत नव्हती, म्हणून परीक्षणातलं प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकाशी ताडून बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. ‘अवतरण चुकलं की परीक्षण मेलं,’ हे बाबांचं वाक्य ऐकतच ती मोठी झाली. साठातली एकोणसाठ झाली होती. साठावं तिने मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते काकांच्या, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाच्या, कादंबरीचं होतं.

काकांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. त्याला झाली एकतीस वर्षं. आणि दादांनी तिच्यावर जे लिहिलं ते कादंबरीपेक्षा जास्त लोकांनी वाचलं. काय ते परीक्षण! ‘एकशे अठ्ठावीस पानं लेखक आपल्याला हाताला धरून मरणाऱ्या बापाच्या खोलीपर्यंत नेतो. मुलगा दारावर हात ठेवतो. आणि पुढच्या पानावर? दुसरा दिवस, बाहेर जमलेली माणसं, बाप गेलेला. ज्या खोलीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्यात शिरायची हिंमत या लेखकाला झाली नाही. हा लेखक दारातून पळाला.’ सख्ख्या भावाला सोडलं नाही, हा माणूस कुणाला सोडणार! दादांचं नाव झालं ते त्या रविवारी. तोवर ते वर्तमानपत्रातले एक नोकर होते. नंतर त्यांना भाषणांची निमंत्रणं यायला लागली. आताच्या या पुस्तकाची प्रस्तावनाही त्याच वाक्याने सुरू होत होती.

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ गप्पा मारत होते.

“प्रकाशनाला मला म्हणे स्टेजवर बसवणार,” काका म्हणाले. “पोस्टातल्या रिटायर माणसाला स्टेजवर बसवून काय तिकिटं विकणार आहात?”

“नातेवाईक म्हणून बस गुपचूप.”

“नको रे बाबा. मी आपला शेवटच्या रांगेत बसतो. स्टेजवरून दार लांब पडतं पळायला.”

दादा पोट धरून हसले. हा विनोद काका इतकी वर्षं करत आले होते, आणि दादा दर वेळी तेवढेच हसत. भावाने मनाला लावून घेतलं नाही याचं त्यांना मनापासून कौतुक होतं. चारचौघांत ते सांगायचेसुद्धा, लेखक असावा तर असा, म्हणून.

आत पुस्तकांच्या खोलीत छोटी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून ती कादंबरी काढत होती. पहिल्या पानावर वर्तमानपत्राचा निळा शिक्का होता, ‘अभिप्रायासाठी’. दादांचा नियमच होता. परीक्षणाचं पुस्तक ऑफिसातल्या टेबलावर आलेलंच घ्यायचं. लेखकाने हातात दिलेलं नाही, घरी आणून दिलेलं तर मुळीच नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक पेन्सिलीत त्यांच्या नोंदी. ‘१२८, दार.’ त्याखाली, ‘१४५, पळ.’

तिने एकशे अठ्ठाविसावं पान उघडलं, अवतरण जुळवलं, प्रुफावर बरोबरची खूण केली. मग सवयीने नजर शेजारच्या पानावर गेली. समोर एकशे पंचेचाळीस.

गणिताच्या बाईला दुसरं काही सुचायच्या आधी वजाबाकी सुचते. सोळा पानं. तिने पान मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं, चिकटली असतील म्हणून नखाने शिवण तपासली. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक शिवतात, हे ती या घरात जन्मून शिकली होती. आठ फर्मे म्हणजे एकशे अठ्ठावीस. या प्रतीत बांधणाऱ्याने नववा फर्मा घातलाच नव्हता. मुलगा दारावर हात ठेवत होता, आणि तिथेच प्रकरण संपत होतं. एकशे पंचेचाळिसावर नवं प्रकरण, ‘दुसऱ्या दिवशी’. घाईत वाचणाऱ्याला, दोन्ही आकडे स्वतःच टिपूनही, काही खटकलंच नसतं. आणि परीक्षण तर शुक्रवारी दुपारपर्यंत द्यावंच लागायचं.

स्टुलावरून उतरली ती तडक स्वयंपाकघरात.

“आई, काकांच्या पुस्तकातली सोळा पानं नाहीत.”

वहिनी काकडी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली नाही, आणि छोटीला नेमकं तेच खटकलं.

“बाबांच्या प्रतीत म्हणतेय मी. एकशे अठ्ठावीसनंतर एकदम एकशे पंचेचाळीस.”

“हळू बोल.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

वहिनींनी सुरी खाली ठेवली. “घर रंगवायला काढलं होतं ना, तेव्हा. अकरा वर्षं झाली. पुस्तकं उतरवली होती, तेव्हा वाचायला घेतली. त्याआधी हात लावला नव्हता. तुझ्या बाबांनी झोडपलेलं पुस्तक वाचायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं.”

“आणि गप्प बसलीस?”

“मग काय दवंडी पिटायची होती?” वहिनींचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “तू बापाला बाहेरून ओळखतेस. मी पंचेचाळीस वर्षं घरात बघितलाय हा माणूस. एक नाव चुकीचं छापलं गेलं तर दोन दिवस नीट जेवत नाहीत. हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एक ओळ लिहू शकले असते का? तेव्हा पान चालू होतं. नोकरी होती. नाव होतं.”

“आणि काका?”

“भाऊजी तर हसत होते. तू बघतेस ना, अजून विनोद करतात. मला वाटलं, मिटलंय ते उकरायचं कशाला.”

“काका हसतात म्हणजे मिटलं होय?” छोटीला रडू येत होतं आणि रागही येत होता. लहानपणापासून तिने प्रत्येक भांडणात आईची बाजू घेतली होती. आज पहिल्यांदा तिला आईकडे बघवेना.

काकू दारात उभ्या होत्या. पाण्याचे ग्लास न्यायला आल्या होत्या, आणि कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. काकू बोलायच्या कमी. पाहुण्यांना वाटायचं, बाई साधी आहे. त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवले आणि छोटीपुढे हात केला. “बघू.”

त्यांनी पान उघडलं, दोन्ही आकडे बघितले आणि पुस्तक बंद केलं. त्यांना तो दिवस आठवत होता. नवीकोरी कादंबरी खाकी कागदात गुंडाळून त्यांचा नवरा भावाकडे निघाला, तेव्हा शर्टाला इस्त्री त्यांनीच केली होती. तासाभरात परत आला. पुडकं तसंच हातात. ‘घेतली नाही. ऑफिसात पाठव म्हणाला,’ असं सांगताना त्याला भावाचा अभिमानच वाटत होता. मग तो रविवार. पेपर उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि दाढी करायला गेला. त्याआधी तो रोज पहाटे पाचला उठून खिडकीशी बसून लिहायचा, पोस्टात जायच्या आधी. त्यानंतरही रोज पाचलाच उठायचा. खिडकीशी बसायचा. पेन नाही, कागद नाही. नुसता बाहेर बघत बसायचा. अन् काकू उठून त्याला चहा करून द्यायच्या. काही न करणाऱ्या माणसाला एकतीस वर्षं पाच वाजता चहा! त्यांनी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

“अगं, ऐक माझं,” वहिनी म्हणाल्या, “आज राहू दे. जेवणं होऊ देत. मग बोलू शांतपणे.”

“इतकी वर्षं जेवणंच झाली की, वहिनी,” काकू म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन बाहेर गेल्या.

छोटी त्यांच्या मागे गेली. वहिनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि काकडीकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, झालं.

टेबलावर ताटं मांडली होती. काकूंनी दादांच्या पुढ्यातलं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि तिथे पुस्तक ठेवलं. “दादा, एकशे अठ्ठावीस पानापासून वाचा.”

“आता? जेवायच्या वेळी?” दादा हसले. पण काकू हसत नव्हत्या, म्हणून त्यांनी खिशातून भिंग काढलं.

काका म्हणाले, “अगं, काय चाललंय तुझं? मुद्दाम जेवायला बोलावलंय...”

“तुम्ही थांबा.”

दादांनी पान वाचलं. मग समोरचं. भिंग कोपऱ्यातल्या आकड्यावर नेलं आणि तिथेच धरलं. मग भिंग खाली ठेवून त्यांनी बोटाने शिवण चाचपली, वर, खाली, पुन्हा वर. ते किती वेळ तसं करत राहिले कुणास ठाऊक.

“नववा फर्मा नाही,” ते म्हणाले. छापखान्यातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले.

काकांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांना कळायला वेळ लागला, कारण त्यांचं स्वतःचं पुस्तक त्यांनी इतक्या वर्षांत हातात धरलं नव्हतं. “म्हणजे तू वाचलंच नाहीस,” ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की छोटीला वाटलं, सुटलो! पण तो उजेड गेला. “म्हणजे तू वाचलंच नाहीस, दादा.”

“काय होतं त्यात?”

“अण्णा होते.”

अण्णा म्हणजे या दोघांचे वडील. ते हॉस्पिटलात वारले त्या संध्याकाळी दादा एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग बघत होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी कधी तोंडातून काढत नव्हतं.

“तू नाटकाला होतास. खोलीत मी होतो,” काका म्हणाले. “शेवटचा तासभर अण्णा बोलत होते, आणि तुझ्याबद्दलच बोलत होते. मला ते तुला तोंडावर सांगता येईना. दोन वर्षं प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, लिहू या. दादा वाचतो. जगातलं काहीही वाचतो, हेही वाचेल. ती सोळा पानं तुझ्यासाठी होती रे. बाकीची दोनशे त्यांना आधार म्हणून लिहिली. आणि तू छापलंस की मी दारातून पळालो! मी, जो खोलीत होतो. मला वाटलं, याने वाचलं, आणि हे त्याचं उत्तर. तुला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून तू ती पानं नाहीतच असं ठरवलंस.”

“इतका नीच वाटलो मी तुला?”

“नीच नाही. कठोर वाटलास. सगळं जग तेच म्हणत होतं, कौतुकाने.”

“मग एकदा यायचंस ना! माझी कॉलर धरायचीस!” दादांनी टेबलावर मूठ आपटली, चमचे उडाले. “एक शब्द बोलला असतास तर त्याच मिनिटाला कळलं असतं!”

“तूच म्हणायचास, लेखकाने परीक्षणावरून भांडू नये. लहानपणापासून तुझं सगळं ऐकलं मी. हेही ऐकलं.”

वहिनी भाताचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणसाला जे न सांगता कळतं ते त्यांना कळलं. “तुलाही माहीत होतं,” ते म्हणाले. वहिनींनी मान खाली घातली. दादांनी नजर पुन्हा पुस्तकाकडे वळवली. ते ओरडले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं.

“काय म्हणाले अण्णा?” दादांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

काकांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “खरं सांगू? आता मला खात्री नाही. तू लिहिलंस ना, की या खोलीत कुणी शिरलंच नाही. तुझ्या लिहिण्यात जोरच तसा होता. सुरुवातीला मी रोज पहाटे बसून आठवायचो, हे म्हणाले, मग पाणी मागितलं, मग हे म्हणाले. पुढे पुढे कळेना, की हे अण्णा बोलले होते का मीच रचलं होतं. आता तर चेहरासुद्धा नीट येत नाही समोर.”

छोटी रडायला लागली. हाताच्या पाठीने डोळे पुसत ती म्हणाली, “मी काढून टाकते हे परीक्षण. प्रकाशकाला आत्ता फोन करते. साठ नाही, एकोणसाठ छापू देत.”

“मुळीच काढायचं नाही,” काका म्हणाले. “प्रस्तावना त्याच्यावरच उभी आहे, ती कोसळेल. आणि चांगलं लिहिलंय गं ते. खरंच. माझ्याबद्दल इतकं चांगलं वाक्य कुणीच लिहिलं नाही.”

हे ते चिडून म्हणाले नाहीत, हीच तर सगळी पंचाईत होती.

“प्रत आहे घरी,” काकू मध्येच म्हणाल्या. “ती नेली होती तीच, खाकी कागदातली. माझ्या कपाटात आहे. बसने जाऊन तासाभरात आणते.”

“आणू नकोस.”

“अहो, पण आता त्यांना वाचू दे की!”

“नको. आता तो चांगलंच म्हणेल.”

दादा ताठ झाले. आयुष्यात त्यांना लोकांनी काय काय म्हटलं होतं, शिव्या दिल्या होत्या, एका नाटकवाल्याने तर अंगावर हात टाकला होता. पण हे कुणी म्हटलं नव्हतं. “मी खोटं लिहीत नाही. तुला माहीत आहे.”

“आजवर नाही लिहिलंस. आता लिहिशील, आणि तुझं तुला कळणारही नाही. मला एकदाच तुझं खरं मत हवं होतं, दादा. ते त्या वर्षी मिळालं असतं. वाईट असतं तरी चाललं असतं. मग मी दुसरं लिहिलं असतं, तिसरं लिहिलं असतं. आता तुझ्या शब्दावर माझा विश्वासच बसणार नाही. तू तरी काय करणार?”

दादा उठले आणि पुस्तकांच्या खोलीत गेले. भिंग टेबलावरच राहिलं होतं, त्यामुळे त्यांना फळ्यांवर पुस्तकं दिसत नव्हती, नुसते रंगांचे पट्टे दिसत होते. दोन हजार तरी असतील. सगळ्यांवर निळा शिक्का, सगळ्यांच्या शेवटच्या पानावर पेन्सिल. प्रत्येक गुरुवारी रात्रीपर्यंत वाचलेलं, प्रत्येक शुक्रवारी दुपारी दिलेलं. त्यांनी एक पुस्तक काढलं आणि बोटांनी पानं मोजायचा प्रयत्न केला. मग दुसरं काढलं. पानं मोजता येत नव्हती. यातल्या किती जणांना आपण काय न वाचता काय म्हटलं? कितीजण पहाटे पाचला उठून खिडकीशी बसले असतील? चाळीस वर्षं ज्याला ते आपलं काम म्हणत आले, त्याचा आता एक कोपराही त्यांना धड वाटेना. ते जमिनीवर बसले, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोरासारखे रडले. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी आत गेलं नाही.

जेवण कुणी जेवलं नाही. वहिनींनी डबा भरून द्यायला घेतला, काकूंनी तो मुकाट्याने घेतला. दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं नाही. पण डब्याचं झाकण लागेना तेव्हा दोघींनी मिळून दाबलं.

काका जिन्यात बूट घालत होते. एक हात भिंतीला टेकलेला, नाडी काही बसत नव्हती. दादा बाहेर आले, कठड्याला धरत दोन पायऱ्या उतरले, आणि भावाच्या समोर खाली वाकले. त्यांना नाडी दिसत नव्हती, तरी त्यांनी ती हातांनी शोधून बांधली. लहानपणी शाळेत जाताना ते रोज बांधून द्यायचे तशी, दोनदा गाठ मारून.

“चांगलं म्हणणार नाही,” दादा खालूनच म्हणाले. “वाईट म्हणणार नाही. काहीच म्हणणार नाही. लिहिणार नाही, बोलणार नाही. नुसतं वाचतो. अण्णा काय म्हणाले तेवढं वाचतो. छोटी वाचून दाखवेल. मला ती तुझी प्रत दे. तुझ्या घरून, तुझ्या हाताने आणून दे.”

काका त्यांच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी भावाला दंडाला धरून उठवलं, कठड्याशी नीट उभं केलं, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता.

“ऑफिसात पाठवतो, दादा,” ते म्हणाले.

आणि डबा काकूंच्या हातातून घेऊन ते जिना उतरायला लागले. ऑफिसातलं ते टेबल दोन वर्षांपूर्वीच हलवलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.